तीन मिनिटांत शंभर फेरे

थाळीच्या कडेला चिकटवलेली कागदाची पट्टी समोरून गेली की मी एक आकडा म्हणायचो आणि बायको मोबाइलमधल्या घड्याळाकडे बघायची. तीन मिनिटं झाल्यावर ती "बस" म्हणाली, तेव्हा मी त्र्याऐंशीवर होतो. पुन्हा मोजलं. पुन्हा त्र्याऐंशी आणि वर थोडंसं. एलपी रेकॉर्डचं गणित सोपं असतं. मिनिटाला 33 पूर्णांक एक तृतीयांश फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. आमच्या वसईतल्या पापडीच्या घरात सतरा फेरे कमी पडत होते.

ते कुठे गळतात हे शोधण्याआधीचे चार महिने मी भलतंच काही दुरुस्त करत बसलो होतो. भलतंच म्हणजे तेही बिघडलेलंच होतं. पण रोगी एकच असला तरी रोग पाच-सहा होते आणि प्रत्येक रोग दुसऱ्याच्या आड दडून बसला होता.

बाबा गेल्यावर माळ्यावरून दोन पत्र्याच्या ट्रंका खाली आल्या. त्यांत ऐंशीच्या आसपास रेकॉर्डी निघाल्या: थोड्या जाड, जड, 78 च्या, बऱ्याचशा छोट्या ईपी आणि राहिलेल्या एलपी. त्या वाजवणारं सुटकेससारखं यंत्र मात्र उंदरांनी संपवलं होतं. हे ऐकून न्यू जर्सीच्या मावसभावाने तिकडे कुणीतरी काढून टाकलेलं एक टर्नटेबल सामानात घालून आणलं. सोबत 230 चे 110 व्होल्ट करणारा विटेएवढा ट्रान्सफॉर्मरही होता. "आता फक्त जोडायचं आणि ऐकायचं," असं सांगून तो परत गेला.

जोडलं. आवाज आला तो शेजारच्या स्वयंपाकघरात रेडिओ लागल्यासारखा, लांबून आणि पत्र्यासारखा. मोठा करावा तर गाण्याच्या आधी एक 'घूं' वर यायची. घरातल्या सर्वांचं एकमत झालं की स्पीकर बदलायला हवेत. आपल्याकडे आवाज बिघडला की पहिला संशय नेहमी भोंग्यावर जातो, कारण आवाज तिथून बाहेर येताना दिसतो.

भोंग्यांच्या बाबतीत वसईत ज्यांचा शब्द मी शेवटचा मानतो, ते काका एकेकाळी वाड्यावाड्यांतून लग्नाला लाऊडस्पीकर लावायचे. नारळाला बांधलेले दोन भोंगे, खाली टेबल, टेबलावर रेकॉर्ड प्लेअर आणि भोवती फर्माइशी घेऊन उभी असलेली पोरं. आता सगळं विकलंय, पण कान शाबूत आहेत. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि स्पीकरकडे पाहिलंसुद्धा नाही. "आधी सुई. मग वायर. मग डबा. भोंगा सगळ्यात शेवटी," ते म्हणाले. "भोंगा बिचारा सांगितलं तेवढंच बोलतो."

त्यांचा क्रम बरोबर होता. मी तो पाळला नाही, कारण डबा हाताशी होता.

ॲम्प्लिफायरच्या मागे सीडीची, टेपची, टीव्हीची भोकं होती. 'फोनो' असं लिहिलेलं एकही नव्हतं. मी सीडीच्या भोकात वायर खुपसली होती. चुंबकावर चालणाऱ्या सुईतून येणारा संदेश जेमतेम 5 मिलिव्होल्टचा असतो, तर सीडी प्लेअर 2 व्होल्टपर्यंत देतो. चारशे पटींचा फरक. पण नुसता आवाज मोठा करून भागत नाही, कारण रेकॉर्डवर गाणं जसं असतं तसं कोरलेलंच नसतं. खर्ज पूर्ण ताकदीने कोरला तर सुईची वाट इतकी नागमोडी होईल की शेजारच्या खाचेत शिरेल आणि एका बाजूवर दहा मिनिटंसुद्धा मावणार नाहीत. म्हणून कोरताना खर्ज दाबतात. उलट तार स्वर फुगवतात, म्हणजे ते खरखरीच्या वर तरंगतात. वाजवताना हे सगळं उलटं करायचं. खालच्या टोकाला सुमारे 20 डेसिबल वाढवायचे, वरच्या टोकाला जवळपास तितकेच उतरवायचे. किती आणि कुठे, याचं कोष्टक अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने 1954 साली ठरवलं आणि पुढे जगभर तेच चाललं. हे काम करणाऱ्या डबीला फोनो प्रीॲम्प म्हणतात. आमच्याकडे ती नव्हती, म्हणून आम्ही दाबलेला खर्ज आणि फुगवलेले तार स्वर जसेच्या तसे ऐकत होतो.

"पण बाबांच्या वेळी असं काही लागायचं नाही," हा घरातला आक्षेपही खरा होता. त्या काळच्या सुटकेस प्लेअरमध्ये सिरॅमिकची सुई असायची. ती चांगला दणदणीत व्होल्टेज द्यायची आणि खर्ज-ताराचा हिशेब बऱ्याच अंशी स्वतःच मिटवायची. म्हणून आजही जुन्या माणसांना वाटतं की थेट जोडलं की झालं.

डबी आली आणि पत्रा गेला. 'घूं' मात्र खर्जासकट दुप्पट झाली.

ही 'घूं' म्हणजे आपली घरची वीज. 50 हर्ट्झ हा आकडा सुरात मोजला तर तो पेटीवरच्या पांढरी पाचच्या अगदी जवळ येतो, खूप खालच्या सप्तकात. त्याची दुप्पट 100 हर्ट्झ, तीही पांढरी पाच. म्हणजे बिघडलेल्या प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये कुणीतरी पांढरी पाचचा तंबोरा छेडत बसलेलं असतं. टर्नटेबलमधून दोन जाड वायरींसोबत एक बारीक हिरवी वायर येते, टोकाला दुबेळक्याचा पत्रा असलेली. ती डबीच्या स्क्रूला आवळायची असते. मावसभावाने ती गुंडाळून रबर लावून ठेवली होती, 'जास्तीची' म्हणून. आवळली आणि घूं निम्मी झाली. राहिलेली निम्मी दोन जागी होती. एक त्या विटेएवढ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये. तो टर्नटेबलला खेटून ठेवला होता आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र थेट सुईत शिरत होतं. तो दोन हात लांब सरकवला. दुसरी भिंतीत. आमच्या जुन्या घराच्या त्या खोलीत तीन भोकांचे सॉकेट होते, पण तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हतं. वायरमनने मागच्या अंगणात खड्डा खणला, पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला. मिठागरांच्या वसईत मीठ विकत आणून जमिनीत घालताना थोडं हसू आलं. वायरमनला ते विनोदी वाटलं नाही. त्याच्या मते मी एवढी वर्षं त्या खोलीत जिवंत राहिलो हाच विनोद होता.

आता खोलीत शांतता होती आणि शांततेत बाकीची दुखणी ऐकू यायला लागली. लताबाईंच्या गाण्यात प्रत्येक 'स' आणि 'श' फाटत होता. शिवाय माडीच्या फळ्यांवरून कुणी चाललं तर सुई उडत होती. चालण्याचा इलाज कडप्प्याची लादी आणि भिंतीत ठोकलेला लोखंडी ब्रॅकेट. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

फाटण्यासाठी अखेर काकांच्या पहिल्या पायरीवर यावं लागलं: सुई. सुईचा भार किती असावा हे तिच्या कागदावर लिहिलेलं असतं. आमच्या जातीच्या सुईला दीड ते दोन ग्रॅम. मोजायला काटा हवा, म्हणून ओळखीच्या सोनाराकडे टर्नटेबल घेऊन गेलो. त्याने तागडीच्या जागी आता इलेक्ट्रॉनिक काटा ठेवलाय, पण बोलतो जुन्या मापात. "दोन मासे म्हणा ना," तो म्हणाला. खरंच, मासा म्हणजे 0.97 ग्रॅम. आमची सुई मासाभरसुद्धा भरली नाही: 0.8 ग्रॅम. मावसभावाने रेकॉर्डवर दया करून मागचं वजन मागे सरकवलं होतं. ही दया महागात पडते. सुई हलकी असली की खाचेच्या भिंतींना धरून राहत नाही, जोरकस स्वरावर हवेत उडते आणि परत पडताना भिंतीला कोच पाडते. जड सुई रेकॉर्ड झिजवते, पण अति हलकी सुई ती फोडते. 1.8 वर आणली. तिथेच सोनाराच्या भिंगाखाली पाहिलं तर हिऱ्याचं टोक दोन्ही बाजूंनी घासून चपटं झालं होतं. हिराही झिजतो. साधारण 500 ते 1000 तास वाजली की सुई बदलायची, असं सांगतात. हिने किती तास काढले हे न्यू जर्सीलाच ठाऊक.

नवी सुई लॅमिंग्टन रोडला मिळाली. विरारवरून येणाऱ्या फास्ट लोकलने मुंबई सेंट्रलला उतरायचं आणि चालत सुटायचं. त्या रस्त्यावर आता सगळं मोबाइल आणि कॅमेऱ्यांचं राज्य आहे. तरी दोन-तीन काउंटरांमागे अशी माणसं बसलेली आहेत, जी नंबर न विचारता जुनी सुई हातात घेऊन उन्हात धरतात.

नवी सुई, योग्य भार, तरीही एलपीच्या शेवटी शेवटी आवाज जरा घुसमटतोच. हा बिघाड नाही. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर वेगाने सरकते आणि लेबलजवळ जेमतेम 21. तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. ख्यालाच्या एलपीवर हा फारच अन्याय आहे. संथ विलंबित ऐसपैस बाहेरच्या वाड्यात राहतं आणि द्रुत, त्यातल्या सगळ्या ताना, आतल्या अरुंद गल्लीत. किशोरीताईंच्या तानेला मी कित्येक दिवस सुईचा दोष समजत होतो.

एवढं झाल्यावर शेजारच्या टीचर आल्या. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्यात. कॅथेड्रलच्या क्वायरमध्ये अनेक वर्षं ऑर्गनवर होत्या आणि घरी पेटीही आहे. त्यांना मी मोठ्या अभिमानाने ईपी लावून दिली. त्यांनी डोळे बारीक केले. "लताबाईंना सर्दी झालीय का रे?" मग घरी जाऊन पेटी आणली. भाता हलवत दोन-चार पट्ट्या दाबून पाहिल्या. "हे गाणं मी पोरींना काळी चारमध्ये शिकवलंय. तुझ्या डब्यातून पांढरी चार येतेय."

त्या दिवशी कागदाची पट्टी चिकटवून आम्ही फेरे मोजले.

शंभराऐवजी 83 आणि थोडे. म्हणजे सहातले पाच. साठातले पन्नास! अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. या टर्नटेबलची मोटर विजेच्या ठेक्यावर चालणारी. वीज सेकंदाला जितक्या वेळा हेलकावे खाईल तितकीच ती फिरणार. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, ठेका बदलत नाही. त्यामुळे पापडीत येताच यंत्र सहातला एक फेरा विसरलं आणि प्रत्येक सूर तीन अर्धस्वरांनी खाली बसला. काळी चारची पांढरी चार होते ती अशी. तीन मिनिटांचं गाणं 3 मिनिटं 36 सेकंद चालतं आणि आपण म्हणतो, जुनी गाणी किती निवांत होती! डीसी मोटरच्या किंवा इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रणाच्या यंत्रांना हा आजार होत नाही. परदेशातून कुणी टर्नटेबल आणत असेल तर व्होल्टेजच्या आधी हर्ट्झ विचारा.

उपाय दोन होते. एक म्हणजे 60 हर्ट्झ तयार करून देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. दुसरा, मोटरच्या टोकावरची पितळी पुली बदलणं. मोटर हळू फिरते तर पुली जाड करा, पट्टा तेवढाच जास्त ओढला जाईल. वसईच्या औद्योगिक गाळ्यांत लेथला तोटा नाही. एका टर्नरने व्हर्निअर लावलं: 33 ची पायरी साडेनऊ मिलिमीटर. सहा भागिले पाच, म्हणजे 11.4. तासाभरात चकचकीत पुली हातात.

लावली. मोजले. नव्याण्णव!

माणसं इथे थांबतात, आणि कदाचित थांबावंही. शेकड्यात एकाचा फरक सहज कानाला कळत नाही. पण टीचर पेटी घेऊन बसल्या होत्या. मग स्ट्रोबची तबकडी काढली. कागदी चकतीवर 180 रेघा असतात. 50 हर्ट्झवरचा दिवा सेकंदाला शंभरदा मिचमिचतो. वेग बरोबर असेल तर प्रत्येक मिचकीला पुढची रेघ मागच्या रेघेच्या जागी येते आणि सगळ्या रेघा स्थिर दिसतात. पहिल्या दिवशी काहीच दिसेना, नुसता करडा धूर. मग लक्षात आलं, घरात सगळे एलईडी. चांगला एलईडी मिचमिचतच नाही. शेवटी एक्स्टेन्शन बोर्डावरचा तो लालसर निऑनचा ठिपका चकतीजवळ धरला, खोली अंधारी केली. रेघा दिसल्या. सेकंदाला एक रेघ या चालीने त्या मागे सरकत होत्या. शंभरात एक कमी, अगदी कोर्टात सादर करावा असा पुरावा.

टर्नरने व्हर्निअर पुन्हा लावलं. पुली बरोबर 11.4 होती. चूक गणितात होती आणि ती त्यानेच पकडली. "साहेब, पट्ट्याची जाडी धरली का?" पट्टा पुलीवर बसला की त्याचा निम्मा जाडपणा दोन्ही अंगांनी पुलीच्या व्यासात मिळतो. पट्टा 0.6 मिलिमीटरचा. म्हणजे साडेनऊची पुली खरं तर 10.1 ची. त्याच्या सहा पंचमांश 12.12. त्यातून पट्टा वजा करा: 11.52. केसाएवढा फरक. त्याने दुसरी पुली पैसे न घेता काढून दिली, कारण पहिली मी सांगितलेल्या मापाने केल्याचं त्यालाच वाईट वाटत होतं. रेघा थांबल्या. टीचरनी काळी चार दाबली आणि भाता सोडला.

78 च्या रेकॉर्डींची कहाणी निराळी आहे आणि तिच्यात गुन्हेगार मी आहे. त्यांच्यावर काळपट बुरशीचे डाग होते. पाचूबंदराकडून येणारी खारी हवा, चार महिने पावसाळा आणि पत्र्याची ट्रंक, दुसरं काय होणार? एलपी मी बॅटरीच्या पाण्यात साबणाचा थेंब घालून धुतल्या होत्या (नळाचं पाणी वाळल्यावर क्षार सोडतं), चांगल्या निघाल्या. डाग फार चिवट म्हणून 78 च्या एका रेकॉर्डला कापसाने स्पिरिट लावलं. कापूस काळा झाला. मला वाटलं, मळ निघतोय. निघत होती ती रेकॉर्डच.

78 च्या तबकड्या प्लास्टिकच्या नसतात. त्या लाखेच्या असतात, म्हणजे चपड्याच्या. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांनी केलेली लाख, तीत दगडाची भुकटी आणि काजळी मळून दाबलेल्या. जगभरच्या ग्रामोफोन कंपन्या या लाखेसाठी हिंदुस्थानकडे बघत. आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो हे आमच्या गल्लीतल्या कोणत्याही सुताराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तो रोज तेच करतो, त्याला तो पॉलिश म्हणतो. मी एका गाण्याचं पॉलिश केलं.

ती दगडाची भुकटी मुद्दाम घातलेली असे. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जड आणि सुई पोलादी. भुकटीने सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या मापाची व्हावी, अशी योजना. म्हणून दर बाजूला नवी सुई. एलपीच्या सुईने 78 वाजवली तर वेगळीच फसगत होते. एलपीच्या सुईच्या टोकाची गोलाई 18 मायक्रॉनच्या आसपास, 78 च्या सुईची 65 ते 75, म्हणजे चौपट. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते. तिथे गाणं नसतं, ऐंशी वर्षांचा गाळ असतो.

आणि वेग? सगळ्यांना वाटतं 78 म्हणजे 78. ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जानला ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा आणि त्यानंतरही बरीच वर्षं कंपन्या सत्तर-ऐंशीच्या दरम्यान सोयीने वेग ठेवत. जुन्या गायकाचा खरा सूर कोणता, यावर संग्राहकांचे वाद होतात ते यातून. मुंबईत 1990 साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आणि तिच्या सुरेश चांदवणकरांनी या तबकड्यांची जी नोंद ठेवली, 'द रेकॉर्ड न्यूज' काढलं, त्यात लेबलं आणि क्रमांक यांच्यावर इतकं बारीक लिहिलेलं आहे की वाचताना आधी हसू येतं आणि मग आपल्या ट्रंकेतली तबकडी उलटून बघावीशी वाटते.

ट्रंकेत एक भावगीतांची ईपी होती. बाबांची सर्वांत आवडती. रविवारी सकाळी ती लागायचीच. मी ती मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवली होती: नवी सुई, दोन मासे भार, थांबलेल्या रेघा, मुकी झालेली वीज. काकांना आणि टीचरना बोलावलं. सुई टेकली आणि तव्यात बोंबील टाकावेत तसा आवाज आला. गाणं कुठेतरी खाली होतं.

काकांनी ईपी उचलून खिडकीशी तिरकी धरली. एक बाजू राखाडी झाली होती. "हिच्यावर 78 ची पिन फिरलीय," ते म्हणाले. जुन्या सुटकेस प्लेअरच्या सुईला दोन तोंडं असायची, एक एलपीचं, एक 78 चं. बाजूचं छोटं लिव्हर उलटवलं की तोंड बदलायचं. ते लिव्हर खटखट उलटवत बसणं हा सहा-सात वर्षांचा असताना माझा खेळ होता. मी हे कुणाला बोललो नाही.

एवढं करता येतं: ईपी मोनो होती, म्हणून ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबलं. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. सुई खालीवर जे काही ऐकते ती नुसती धूळ आणि ओरखडे. बटण दाबलं की खालीवरचं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं. खरखर निम्म्यावर आली. राहिलेली जाणार नाही. खाचेच्या भिंतीच गेल्यात, त्याला डबी नाही आणि पुलीही नाही.

बायकोने ईपी उलटी केली. दुसरी बाजू काळीभोर, आरशासारखी. सुई ठेवली. सुरावटीच्या आधी क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, इतकी स्वच्छ. मग गाणं सुरू झालं. ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. टीचर पेटीवर सूर शोधू लागल्या, काळी चार नव्हता.

काका पुढे झुकून ऐकत होते. "चांगलं आहे की हे," ते म्हणाले. "पण कुठल्या लग्नात कुणी मागितलंच नाही कधी."